डावीकडे ‘ये’, उजवीकडे ‘बरंय’

ताइमी कोर्तेसाल्मीला एका जागी बसवत नसे. ऑफिसातल्या बाकीच्यांच्या खुर्च्यांचं कापड झिजून पांढरं पडलं होतं, हिची खुर्ची मात्र दुकानातून आणल्यासारखी कोरी. विचार करायचा म्हटलं की ती उठायची, कॉफीचा कप हातात घेऊन फेऱ्या मारायची आणि कप जिथे असेल तिथे विसरायची. खिडकीत, जिन्यात, कधी संडासातल्या कठड्यावर. शेजारच्या टेबलावरचा वेयो संध्याकाळी ते कप गोळा करत फिरायचा आणि म्हणायचा, “चला, ताइमीची अंडी वेचून आलो.”

थंड उत्तरेकडच्या ओउलू शहरात, एका सायकलच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर त्यांचं ऑफिस होतं. पाच-सहा माणसं, आणि काम मोबाइल फोनवर चालणारे छोटे प्रोग्राम लिहिण्याचं. त्या वर्षांत ओउलूत दर दुसरा माणूस फोनच्याच कामात होता, त्यामुळे त्यात विशेष काही नव्हतं. ताइमी मात्र या धंद्यात उशिरा आली होती. आधी ती बँकेत, काउंटरच्या आत बसायची, आणि तेव्हा तिला चांगलं बसता यायचं. मग मंदीची वर्षं आली, बँकेने एकामागून एक शाखांना कुलपं घातली, आणि एका सकाळी तिच्याही शाखेच्या दारावर कागद चिकटवलेला होता. रोजगार कार्यालयाने तिला संगणकाच्या अभ्यासक्रमाला घातलं. अभ्यास जमला, नोकरी लागली, पगार सुरू झाला. पण आज आहे ते उद्या असेलच, हा भरवसा त्या दारावरच्या कागदाबरोबर गेला तो गेलाच. तेव्हापासून तिचे पाय थांबत नव्हते.

तिच्याकडे काम होतं ते एकच प्रोग्राम वेगवेगळ्या फोनांवर नीट चालतो की नाही हे बघण्याचं. तिच्या टेबलाच्या खणात फोनच फोन असायचे. जाडे, बारके, घडीचे, सरकत्या झाकणाचे. आणि सगळ्यात जास्त डोकं खायची ती पडद्याखालची दोन बटणं. आकड्यांच्या बटणांवर आकडे छापलेले असतात. या दोन बटणांवर काहीच नसतं. त्यांच्या वर, पडद्याच्या तळाशी जो शब्द उमटेल ते त्यांचं त्या वेळचं काम. आता ‘पाठव’, मग ‘परत’, मग ‘बंद’. लोकांना वाटतं, कुठला शब्द कुठल्या बटणावर बसवायचा हे प्रोग्राम लिहिणारा ठरवतो. तसं नसतं. प्रोग्रामने फक्त सांगायचं, ही माझी आज्ञा, तिचा प्रकार अमुक, तिचं महत्त्व इतकं. ‘होकार’ हा एक प्रकार, ‘परत जाणं’ हा दुसरा, ‘बाहेर पडणं’ तिसरा. कोणाला डावीकडे बसवायचं, कोणाला उजवीकडे आणि कोणाला यादीत कोंबायचं ते फोन ठरवतो, आणि प्रत्येक कंपनीच्या फोनची रीत निराळी.

अभ्यासक्रमात हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा ताइमीला लगेच समजलं होतं, कारण तिचा बाप इल्मो जन्मभर हाइलुओतो बेटाच्या फेरीबोटीवर होता. गाड्या धक्क्यावरून आत येत. ट्रक आहे, मोटार आहे, गवताची गाडी ओढणारा ट्रॅक्टर आहे, एवढंच गाडीवाल्याने सांगायचं. कुठल्या रांगेत उभं राहायचं ते इल्मो सांगायचा. ओरडून. त्याचा आवाज वारा कापत किनाऱ्यापर्यंत पोचायचा म्हणत.

तो आवाज गेला. घशात गाठ झाली आणि डॉक्टरांनी स्वरयंत्रच काढून टाकलं. जीव वाचला, गळ्याला एक भोक राहिलं आणि श्वास तिथून ये-जा करू लागला. गळ्याला लावून बोलायचं एक थरथरतं यंत्र इस्पितळाने दिलं होतं. घरी येऊन त्याने ते एकदा लावून पाहिलं. कुत्रा घाबरून पलंगाखाली गेला. इल्मोने ते यंत्र मासे धरायचे गळ असतात त्या डब्यात टाकलं आणि पुन्हा बाहेर काढलं नाही. त्यानंतर तो बोलायचा तो हातांनी, भुवयांनी, आणि अगदीच अडलं तर सुतारी पेन्सिलीने वर्तमानपत्राच्या कोऱ्या कडेवर. बायको आधीच गेली होती. बेटाच्या उत्तर अंगाला तो एकटा राहायचा. शेतापलीकडच्या घरात ओर्वोक्की म्हणून एक म्हातारी विधवा होती, तिची येजा असायची, एवढंच.

ताइमीला रात्र रात्र झोप लागेना. बापाला फोन करावा तर तो बोलणार कसा? मेसेज कर म्हणावं तर त्याच्या एका बोटाखाली तीन बटणं दबायची. एकदा त्याने कष्टाने एक मेसेज पाठवला होता, तो वाचून तिला वाटलं कुत्रा फोनवरून चालत गेला.

म्हणून तिने त्याच्यासाठी एक प्रोग्राम लिहिला. फोन उघडला की पडद्याच्या तळाशी दोनच शब्द. डावीकडे ‘ये’, उजवीकडे ‘बरंय’. दाबलं की तो शब्द थेट ताइमीच्या फोनवर. मधे ‘नक्की पाठवू का?’ वगैरे विचारणं नाही, कारण तसलं काही विचारलं की इल्मो फोन आपटायचा.

लिहिताना एक अडचण आली. दोन्ही आज्ञा सरळ एकाच प्रकारच्या म्हणून सांगितल्या, तर बापाचा फोन दोघींना डाव्या बटणाखालच्या यादीत कोंबायचा आणि उजवं बटण रिकामं ठेवायचा. मग ताइमीने युक्ती केली. ‘ये’ला तिने होकाराचा प्रकार दिला आणि ‘बरंय’ला ‘परत’चा. फोनने मुकाट एकीला डावीकडे आणि दुसरीला उजवीकडे बसवलं.

वेयोने तिच्या खांद्यावरून वाकून पाहिलं. “‘बरंय’ म्हणजे परत जाणं कसं काय?”

“फोनला काय कळतंय? उजवीकडे बसव म्हणून सांगायची सोयच नाही. ‘परत’ म्हटलं की बसवतो.”

“म्हणजे खोटं बोललीस त्याच्याशी.”

“थोडंसं.”

“या फोनशी खपलं. दुसरा फोन त्याचा वेगळाच अर्थ लावेल.”

“दुसरा फोन घेतोय कशाला तो? अजून लष्करातले बूट घालून फिरतो माझा बाप.”

ते चाललं, आणि छान चाललं. रोज सकाळी इल्मोची कॉफी पिऊन झाली की ताइमीच्या फोनवर ‘बरंय’ यायचं, आणि मगच तिला स्वतःची कॉफी गोड लागायची. ‘ये’ आलं ते एकदाच, छातीत कफ भरला होता तेव्हा. ती गेली, त्याला डॉक्टरकडे नेलं, प्रश्न मिटला. इल्मो पडद्याकडे बघायचासुद्धा नाही. खिशात हात घालून, खिशातच अंगठ्याने दाबायचा.

पुढच्या हिवाळ्यात, समुद्र चांगला गोठल्यावर, ओर्वोक्कीचा फोन आला.

“ताइमी, तुझ्या बापाचा फोन आता माशांकडे आहे बरं का. काही विचारायचं असेल तर त्यांना विचार.”

बर्फाखालचं जाळं ओढताना इल्मो वाकला आणि फोन खिशातून सटकून बर्फातल्या भोकात गेला होता. ताइमीने खणातून एक फोन उचलला. दुसऱ्या कंपनीचा, पण अक्षरं मोठी, बटणं ठसठशीत. शनिवारी ती फेरीबोटीने बेटावर गेली, प्रोग्राम चढवला आणि तपासला. ‘ये’ हा शब्द बघून त्याखालचं बटण दाबलं, तिच्या फोनवर ‘ये’ आलं. ‘बरंय’खालचं दाबलं, ‘बरंय’ आलं. झालं. इल्मोने पांढऱ्या मासळीचं सूप केलं होतं, ते तिने उभ्या उभ्या काळ्या पावाबरोबर खाल्लं, एक डोळा घड्याळावर ठेवून, कारण पुढची फेरी चुकली असती तर धक्क्यावर ताटकळावं लागलं असतं. इल्मोने खुर्चीकडे बोट दाखवलं. बस.

“बसते रे पुढच्या वेळी. हा घे फोन. तसाच आहे, काही बदललेलं नाही.”

त्याने मान हलवली आणि फोन खिशात टाकला. चष्मा चुलीवरच्या फळीवरच राहिला.

ती घरी पोचून बूट काढत होती तोच फोन वाजला. ‘बरंय’. तिला हसू आलं. संध्याकाळी तो कधी पाठवत नसे. नवीन खेळणं करून बघत असेल. तिने उलट मेसेज केला, “छान!”

थोड्या वेळाने पुन्हा ‘बरंय’. तिने पुन्हा लिहिलं, “मस्त चालतंय, बाबा. मीही बरी आहे.”

रविवारी सकाळी आलं. नेहमीपेक्षा बरंच लवकर, उजाडलंही नव्हतं. मग जेवणाच्या आधी. मग जेवणानंतर लागोपाठ दोनदा. खरं तर बापाकडून ‘बरंय’ ‘बरंय’ येतंय म्हटल्यावर तिने निवांत व्हायला हवं होतं. पण तिने कपाट आवरायला काढलं, अर्धं आवरून सोडलं. कोट चढवून नदीकाठी चालायला गेली, पुलापर्यंत जाऊन परत आली. इतक्यांदा बरं असण्यासारखं काय घडलंय, हा विचार डोक्यातून जाईना. दार कुठे उघडं सापडतंय का बघत घराभोवती घिरट्या घालणाऱ्या चोरासारखा तो विचार फिरत राहिला. ओर्वोक्कीला फोन लावावासा वाटला, पण मागे एकदा असाच लावला होता तेव्हा ती म्हणाली होती, “अगं, कोंबडीसुद्धा पिल्लांची एवढी काळजी करत नाही, आणि इथे तर उलटं, पिल्लूच कोंबड्याची करतंय.” ते आठवून ताइमीने हात आवरला.

सोमवारी ऑफिसात तिने सकाळपासून तीन कप तीन ठिकाणी विसरले. तेवढ्यात पुन्हा ‘बरंय’ आलं, आणि लगेच पुन्हा.

“बापाचं फारच बरं चाललंय,” वेयो म्हणाला.

ताइमी जिन्यात गेली आणि ओर्वोक्कीला फोन लावला.

“अगं, आहेस कुठे तू?” ओर्वोक्की पहिल्यांदाच चिडून बोलली. “फेरीत आहेस का?”

“फेरीत? मी ऑफिसात आहे.”

“अजून ऑफिसात? तो तिकडे बाकड्यावर पडलाय, तुझी वाट बघत. शनिवारी संध्याकाळी सरपण आणायला गेला आणि पायरीवर घसरला. पाय टेकवत नाही. मी काल पाव घेऊन गेले तर हा असा. म्हटलं डॉक्टरला बोलावते, तर हात झटकतो, आणि पेपरवर लिहितो काय, तर ‘ताइमी येतेय, तिला बोलावलंय’. मी आपली चूल पेटवून आले. म्हटलं मुलगी येतेय तर आपण कशाला मधे पडा.”

“मला नाही बोलावलं त्याने. मला तो सांगतोय की…” ताइमीचं वाक्य तिथेच तुटलं.

ती धावत टेबलाशी आली. खणातून बापाला दिलेल्या जातीचाच दुसरा फोन काढला, तोच प्रोग्राम त्यात होता. तिने डोळे मिटले, फोन कोटाच्या खिशात घातला आणि बाप जसा दाबायचा तसं अंगठ्याने डावं बटण दाबलं.

टेबलावर तिचा फोन थरथरला. ‘बरंय’.

या फोनच्या रीतीप्रमाणे ‘परत’ डावीकडे बसायचं आणि होकार उजवीकडे. शब्दही तिथेच उमटले होते, चुकीचं काहीच नव्हतं. तिने तपासलं ते शब्द वाचून. बाप दाबत होता अंगठ्याच्या सवयीने. ज्या ज्या वेळी त्याने ‘ये’ म्हणून दाबलं त्या त्या वेळी तिला ‘बरंय’ पोचलं, आणि तिने उत्तर दिलं, छान. मस्त. मीही बरी आहे.

वेयो बघत होता. जन्मात पहिल्यांदाच ताइमी एका जागी खिळून उभी होती. मग तो म्हणाला, “किल्ल्या कोटात आहेत तुझ्या. जा.”

बर्फावरून बेटाला जाणारा रस्ता त्या दिवशी बंद होता. ऊन-पावसाने बर्फावर पाणी चढलं होतं. फेरी अजून पलीकडच्या धक्क्यावरून सुटायचीच होती. ताइमी गाडी रांगेत लावून उतरली आणि धक्क्याच्या कठड्याशी येरझारा घालू लागली. फेरीने बर्फातून काढलेली काळ्या पाण्याची वाट दिसत होती, तिच्यात बर्फाचे तुकडे एकमेकांवर घासत होते. वारा कानात शिरत होता, टोपी गाडीत राहिली होती, पण घ्यायला जावं असं तिला वाटलं नाही.

तिने आधी तातडीच्या नंबरला फोन केला. बेटावरची रुग्णवाहिका दुसऱ्या कामाला गेलीय, ती मोकळी झाली की पाठवतो, तोवर पेशंटला हलवू नका, असं उत्तर मिळालं.

फोन खिशात टाकतेय तोच वाजला. ‘बरंय’.

तिने घाईघाईने टाइप केलं, “बाबा, येतेय. फेरीशी उभी आहे. सगळं कळलं.” गारठलेल्या बोटांनी दोनदा चुकलं, तरी पाठवलं.

फेरी लागली. पट्ट्यांचं जाकीट घातलेल्या दणकट माणसाने गाड्यांना हाताने खुणा करायला सुरुवात केली. ताइमीची गाडी पाहून तो खिडकीशी आला. इल्मोच्या हाताखाली शिकलेला सुलो.

“इल्मोची ना तू? म्हातारा घसरला म्हणे. सगळ्यांच्या पुढे घे गाडी, तिकडे पहिली तूच उतरशील.”

“बेटावर सगळ्यांना माहीत आहे?”

“ओर्वोक्कीला माहीत आहे म्हणजे सगळ्यांनाच,” सुलो म्हणाला. मग खिडकीशी वाकून म्हणाला, “लोक म्हणतायत की तुला बोलावलं तरी आली नाहीस. मी म्हटलं, काहीतरी कारण असेल.”

फेरी चालू असताना गाडीत बसवेना म्हणून ती डेकवर उभी राहिली. फोन पुन्हा वाजला नाही. आधी वाजला की धसका, आता वाजत नाही तर धसका. मेसेज पोचला की चष्म्यावाचून तसाच पडला? की आता दाबायचीही ताकद उरली नाही?

दार ढकलून ती आत गेली तेव्हा इल्मो स्वयंपाकघरातल्या लांब बाकड्यावर, घोंगडीखाली, भिंतीकडे तोंड करून पडला होता. ओर्वोक्की चुलीत लाकूड सारत होती. कुत्र्याने शेपटी हलवली. बापाने मान वळवली नाही.

“बाबा.”

गळ्यातल्या भोकातून श्वास जोरात येत होता.

“गाडी येतेय, बाबा. इस्पितळात जायचंय.”

त्याने हात मागे करून चुटकी वाजवली. ओर्वोक्कीने वर्तमानपत्र आणि पेन्सिल दिली. त्याने न वळताच, आंधळ्यासारखं काहीतरी खरडलं आणि कागद जमिनीवर टाकला. ताइमीने उचलला. तिचे मेसेज ओर्वोक्कीने त्याला आज वाचून दाखवले असणार. शब्द वेडेवाकडे होते तरी वाचता येत होते. “मी पडलो, आणि तू लिहितेस छान.”

ताइमी तिथेच जमिनीवर बसली. समजावून सांगायला तोंड उघडलं, पण होकाराचा प्रकार आणि परतीचा प्रकार हे सगळं त्या क्षणी इतकं फालतू वाटलं की ते तिने सोडून दिलं. तिने फक्त विचारलं, “फार दुखतंय?”

त्याने तळवा खालीवर केला. असं-तसं.

“खोटं बोलतोय,” ओर्वोक्की म्हणाली. “काल रात्रभर दात खात होता, माझा कुत्रा तिकडे भुंकत होता इतका.”

गाडी आली, तीच फेरी परत धरली, आणि संध्याकाळच्या आत इल्मो ओउलूच्या इस्पितळात होता. मांडीच्या हाडाला खुब्याजवळ चीर गेली होती. डॉक्टर म्हणाले, अजून थोडं चालला असता तर हाड सरकलं असतं. चालला नाही हे बरं. स्क्रू घालून हाड जोडलं.

तो शुद्धीवर नीट आला, सूप प्यायला, नर्सवर डोळे वटारण्याइतका बरा झाला, तेव्हा ताइमी दोन फोन घेऊन त्याच्याजवळ गेली. एक माशांकडे गेलेल्यासारखा, एक नवा. एक त्याच्या डाव्या हातात दिला, एक उजव्या.

“डोळे मीट आणि दोन्हीवर ‘ये’ दाब.”

त्याने कपाळाला आठ्या घातल्या, पण दाबलं. तिने स्वतःचा फोन त्याच्यापुढे धरला आणि चष्मा त्याच्या नाकावर चढवला. पडद्यावर ‘ये’ होतं आणि त्याखाली ‘बरंय’.

इल्मोने दोन्ही फोन उलटसुलट केले. पुन्हा दाबलं. पुन्हा वाचलं. मग त्याचे खांदे हलायला लागले आणि गळ्यातून फस-फस हवा निघायला लागली. ताइमी घाबरून घंटीकडे धावली, आणि मग तिला कळलं की बाप हसतोय. हसता हसता त्याच्या डोळ्यांतून पाणी आलं, ते हसण्याचं की कशाचं ते विचारायची तिची हिंमत झाली नाही.

त्याने कागद मागितला. “मला वाटलं, आता तुलाही कंटाळा आला.”

“मी तिथे वेड्यासारखी फिरत होते, बाबा. सारखं वाटत होतं काहीतरी बिनसलंय.”

“मग आली का नाहीस?”

याला तिच्याकडे उत्तर होतं, पण ते सांगण्यासारखं नव्हतं. लिहिलेलं ‘बरंय’ खरं मानून मनातलं खोटं मानलं, एवढंच ते उत्तर. ती खिडकीशी गेली, परत आली, त्याची उशी विनाकारण सरळ केली.

इस्पितळातून त्याला तिच्या दोन खोल्यांत आणलं. ते आठवडे दोघांनाही जड गेले. इल्मोला समुद्र दिसेना, ताइमीला फेऱ्या मारायला जागा उरेना. ती एका खोलीतून दुसऱ्या खोलीत गेली की तो कुबडी जमिनीवर आपटून खुर्ची दाखवायचा. ती बसायची. पुन्हा उठायची. एकदा त्याने लिहिलं, “तुझी आई अशी नव्हती.” तो पुढे काही लिहायच्या आत तिने सांगून टाकलं, “आईचा नवरा बोलायचा, बाबा.” मग दोघंही खिडकीतून बर्फ साफ करणाऱ्या गाडीकडे बघत बसले.

प्रोग्रामचं काय करायचं हा प्रश्न होताच. वेयो म्हणाला, त्या फोनसाठी प्रकार उलटे दे, सुटला प्रश्न. “आणि हाही माशांकडे गेला तर?” ताइमी म्हणाली. ज्या बटणांची जागा फोन ठरवतो त्यांच्यावर तिला बापाचा शब्द पुन्हा ठेवायचाच नव्हता. तिने खणातले सगळे फोन पिशवीत भरून घरी आणले, इल्मोच्या डोळ्यांवर स्वयंपाकघरातला पंचा बांधला आणि एकेक फोन त्याच्या हातात दिला.

“वर, खाली, मधे, कुठलं बटण न बघता सापडतं ते सांग.”

तो पहिल्या फोनवर चाचपडला, दुसऱ्यावर चाचपडला. मग प्रत्येक फोनवर त्याचा अंगठा फिरत फिरत एकाच जागी येऊन थांबायला लागला. आकड्यांच्या बरोबर मधलं पाचाचं बटण. त्यावर सगळ्या फोनांत एक बारीकसा उंचवटा असतो, आणि पाच हा पाचच राहतो. त्याला कुठे बसवायचं हे कुठलाही फोन ठरवत नाही.

“पाच म्हणजे ‘ये’,” ताइमी म्हणाली. “आणि शून्य म्हणजे ‘बरंय’.”

इल्मोने पंचा काढून लिहिलं, “शून्य नको. बरं असलं तर कळवायचं कशाला?”

“मला लागतं ते.”

“तुला बरंय वाचून बरं वाटत नाही. बघितलंय.”

“तरी लागतं,” ती म्हणाली. “माझ्यासाठी ठेव.”

त्याने खांदे उडवले. शून्य राहिलं. या वेळी तिने बापाचे डोळे बांधून, हातमोजे घालायला लावून, फोन खिशात ठेवून, उलटा धरून, सगळ्या तऱ्हेने तपासलं. शेवटी इल्मोने फोन तिच्या अंगावर फेकला तेव्हाच थांबली.

बर्फ विरघळायला लागला तेव्हा तो बेटावर परत गेला, काठी टेकत. ओर्वोक्की धक्क्यावर आली होती. “आता काय दाबायचं ते मलाही सांगून ठेव,” ती ताइमीला म्हणाली. “आणि तू बोलावल्याशिवायही येत जा की. बटणाला काय विचारतेस?”

त्यानंतर रोज सकाळी शून्य यायचं, आणि पाचही यायला लागलं. आधी कधी नव्हतं इतकं. एकदा ताइमी घाबरीघुबरी पोचली तर बल्ब बदलायचा होता. एकदा धुरी दिलेल्या माशांची पहिली ताटली तयार होती. एकदा हंस परतले होते आणि शेतात उतरले होते, ते तिने बघावेत म्हणून. तिने प्रत्येक वेळी वाटेत गाडी भरधाव हाणली होती, आणि हंसांच्या वेळी ती रडकुंडीला आली.

“बाबा, असं नको करूस. कुठलं ‘ये’ खरं आणि कुठलं असंच, हे मला कसं कळणार?”

इल्मो पायरीवर ऊन खात बसला होता. त्याने पेन्सिल कानामागून काढली, वर्तमानपत्र गुडघ्यावर पसरलं आणि एकच शब्द लिहिला.

“सगळीच.”

ताइमीने तो वाचला. शेतात हंस एकमेकांवर ओरडत होते, कुत्रा साखळीला हिसके देत होता. ती गाडीकडे निघाली, दोन पावलं गेली, वळली आणि येऊन त्याच्याशेजारी पायरीवर बसली. गुडघा हलत होता तिचा. इल्मोने त्यावर हात ठेवला नाही, काही नाही. वर्तमानपत्र उलटून क्रीडापान काढलं आणि वाचायला लागला.